मासा धरला कसा, हे काचेतून दिसत नाही

खाऱ्या पाण्यातला शोभेचा मासा घेताना आपण त्याचा रंग बघतो, पर बघतो, दाणा टाकल्यावर खातोय ना तेही बघतो. तो धरला कसा, हे मात्र त्याच्या अंगावर कुठेच दिसत नाही. या हौसेपायी प्रवाळांचं जे नुकसान झालं, त्याचं मूळ मला इथेच दिसतं.

गप्पी, एंजल, गोल्डफिश हे गोड्या पाण्यातले मासे बहुतेक करून तळ्यांत आणि टाक्यांत वाढवलेले असतात. समुद्री माशांचं उलट आहे. त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त थेट प्रवाळखडकांवरून धरून आणलेले असतात. हा धंदा १९३०च्या दशकात श्रीलंकेत अगदी किरकोळ प्रमाणात सुरू झाला. १९५०च्या दशकात हवाई आणि फिलिपिन्स त्यात उतरले आणि तो फोफावला. २००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या व्यापाराचा अंदाज मांडला: वर्षाला २ ते २.४ कोटी मासे आणि जवळपास दीड हजार जाती.

सायनाइड या जहाल विषाने मासे धरण्याची पद्धत फिलिपिन्समधली, १९६०च्या सुमारास सुरू झालेली. सोडियम सायनाइडच्या गोळ्या फोडून समुद्राच्या पाण्यात विरघळवायच्या आणि ते पांढुरकं पाणी दाबायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरायचं. पाणबुडा खाली जातो तो बहुधा साध्या कॉम्प्रेसरला जोडलेली नळी तोंडात धरून. मासा कपारीत शिरला की तो बाटलीचं तोंड आत घालून पिचकारी मारतो. मासा गुंगतो, कलंडतो, हाताने उचलता येतो. तो फार आत अडकला असेल तर पहारीने प्रवाळच फोडतात. वीतभर माशासाठी कित्येक वर्षांची वाढ एका घावात जाते.

पिचकारीचं पाणी त्या एका माशापाशी थांबत नाही. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. प्रवाळाचं बरंचसं अन्न तेच तयार करतं. सायनाइड लागलं की हे शैवाल निघून जातं, प्रवाळ पांढरा पडतो आणि मात्रा जास्त असेल तर मरतो. आसपासची पिल्लं, कोळंबी, खेकडेही जातात. धरलेल्या माशाच्या यकृताला इजा झालेली असते. कित्येक मासे वाटेतच मरतात, काही घरी पोचल्यावर काही आठवड्यांनी. टाकीवाला बिचारा पाण्याला दोष देत बसतो आणि दुसरा मासा आणतो. म्हणजे एका टाकीसाठी खडकावर पुन्हा पिचकारी.

१९७५ साली फिलिपिन्सने विष घालून मासे धरण्यावर बंदी आणली. पण हाँगकाँगच्या हॉटेलांत जिवंत हेकरूला (ग्रुपर माशाला) चढा भाव मिळू लागला, तेव्हा हीच बाटली त्या धंद्यातही शिरली आणि पुढे इंडोनेशियात पसरली. मासे धरणाऱ्याला नगावर पैसे मिळत, तेही थोडे. अनेकदा गोळ्या पुरवणारा दलालच त्याला उधारीही देई. अशा माणसाला एकट्यालाच गुन्हेगार ठरवणं मला पटत नाही.

बाली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या लेस गावाने हे सगळं भोगलं. तिथल्या कोळ्यांनी वर्षानुवर्षं सायनाइड वापरलं, खडक उजाड झाले आणि धरायला मासेही उरेनात. २०००च्या सुमारास त्यांना जाळ्याने मासे धरायचं शिकवलं गेलं. बारीक आसाचं जाळं खडकालगत उभं करायचं, माशाला हळूच त्याच्याकडे हाकायचं आणि हातजाळीत घ्यायचं. काम सावकाश होतं, पण खडक शाबूत राहतो. पुढे याच गावकऱ्यांनी पाण्यात सांगाडे ठेवून त्यांवर प्रवाळाची कलमं लावायला सुरुवात केली.

जाळं वापरलं की सगळं निभावलं, असंही नाही. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाजवळच्या बांगाई बेटांभोवती राहणारा बांगाई कार्डिनल मासा १९९०च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आला. याचा नर अंडी तोंडात धरून उबवतो, पिल्लं निघाल्यावरही काही दिवस ती तोंडातच सांभाळतो आणि तेवढा काळ अन्न घेत नाही. पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जातच नाहीत, त्यामुळे एका खडकावरचे मासे उपसले की शेजारून नवे मासे येण्याची आशा जवळपास नसते. २००७ साली या जातीची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली.

हवाईत निराळा मार्ग निघाला. कोना किनाऱ्यावर पिवळ्या टँग या शोभेच्या माशाची संख्या घटल्याची तक्रार वाढली, तेव्हा १९९८च्या कायद्याने किमान तीस टक्के किनारा अशा मासेमारीला बंद करायचा ठरला. बंद केलेल्या भागांत पिवळे टँग पुढच्या काही वर्षांत पुन्हा वाढले. खडक शाबूत होते, म्हणून हे शक्य झालं.

तापत जाणारा समुद्र प्रवाळांचा याहून मोठा वैरी आहे, हे खरं. पण गरम पाण्याने पांढऱ्या पडलेल्या खडकाला सावरायला वेळ लागतो, आणि पहारीने फोडलेला खडक तो वेळ कुठून आणणार?

आपल्याकडे २००१ साली प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत, घेतलं गेलं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात आता क्लाउनफिशची पैदास होते. या माशांची जोडी कठीण पृष्ठभागावर अंडी चिकटवते आणि नर आठवडाभर पंख्यासारखे पर हलवून त्यांना वारा घालतो. अंडी बहुधा अंधार पडल्यावर फुटतात. क्लाउनफिशची पैदास टाकीत जमते, कारण त्याची पिल्लं निघतानाच बऱ्यापैकी मोठी असतात. टँगसारखे मासे अंडी उघड्या पाण्यात सोडतात, पिल्लं डोळ्याला दिसतील न दिसतील अशी निघतात, आणि त्यांच्या तोंडात मावेल असं खाद्य टाकीत तयार करणं फार अवघड जातं. म्हणून दुकानातला क्लाउनफिश हॅचरीतला असू शकतो. शेजारच्या काचेतला टँग मात्र बहुधा कुठल्यातरी खडकावरूनच आलेला असतो.