पार्श्वभूमी: सर्व्हर ‘लिहिलं’ म्हणतो तेव्हा

एनएफएस म्हणजे दुसऱ्या यंत्रावरच्या (सर्व्हरवरच्या) फाइली नेटवर्कवरून आपल्या यंत्रावर (क्लायंटवर) वापरायची पद्धत. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचा नियम कडक होता: मजकूर डिस्कवर उतरल्याशिवाय सर्व्हरने ‘लिहिलं’ म्हणायचं नाही. काम भलतंच संथ चाले. १९९५च्या तिसऱ्या आवृत्तीत मधला मार्ग निघाला. सर्व्हरने मजकूर मेमरीत ठेवून पोच द्यावी, क्लायंटने मात्र आपली प्रत टाकू नये. पुढे क्लायंटकडून ‘कमिट’, म्हणजे ‘आता पक्कं कर’ असा आदेश आला की सर्व्हरने सगळं डिस्कवर उतरवावं. मध्येच सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला तर पोचेसोबत तो देतो ती खूण बदललेली दिसते आणि क्लायंट मजकूर नव्याने पाठवतो.

घोळ घातला तो ‘असिंक’ या शब्दाने. हा पर्याय दोन ठिकाणी लिहिता येतो. क्लायंटच्या माउंटमध्ये, म्हणजे सर्व्हरचं फोल्डर जोडून घेताना, त्याचा अर्थ इतकाच, की लिहिलेलं थोडा वेळ स्वतःकडे साठवून मग पाठवायचं. ते मूळचंच वळण आहे. फाइल बंद करताना साठलेलं सर्व्हरकडे जातं. कोणतं फोल्डर कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या सर्व्हरच्या एक्स्पोर्ट्स फाइलीत तोच शब्द लिहिला, की सर्व्हर कमिटलाही डिस्कची वाट न पाहता ‘झालं’ म्हणून मोकळा होतो. क्लायंट विश्वासाने प्रत टाकून देतो. त्याच क्षणी वीज गेली, तर पुन्हा पाठवायला कुणाकडेच काही उरत नाही.

लिनक्सवर एनएफएस चालवणाऱ्या एनएफएस-युटिल्स या संचात १.०.० आवृत्तीपर्यंत सर्व्हरचं हे ‘असिंक’ न मागता मिळत होतं. त्यानंतर डिस्कची वाट पाहणारं ‘सिंक’ आलं. वेग घटतो म्हणून जुना शब्द हाताने परत घालण्याची सवय मात्र सुटली नाही. अखंड वीज असलेल्या शहरात ती खपून जाते. २००० नंतरच्या दशकात मराठवाड्यात भारनियमनाचं वेळापत्रक बघून दिवस आखावा लागे. परभणी-लातूरकडच्या कॉलेजच्या लॅबमध्ये इन्व्हर्टरची बॅटरी उन्हाळ्यातच मान टाकायची. तिथे ‘असिंक’ म्हणजे जुगारच. फाइलचं नाव शाबूत, आत काही नाही.

वापरकर्त्यांच्या मॅपिंगचा, म्हणजे क्लायंटवरचा कोण सर्व्हरवर कोण हे जुळवण्याचा, गुंता याच भोळेपणातला. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत सर्व्हरकडे वापरकर्त्याचं नाव जातच नाही, त्याचा ओळख-आकडा जातो. आणि क्लायंट सांगेल तो आकडा सर्व्हर खरा मानतो. फक्त रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, शून्य तेवढा ‘नोबडी’ (कुणीच नाही) केला जातो. लिनक्सच्या एका घराण्यात पहिला वापरकर्ता पूर्वी ५००पासून असे, दुसऱ्यात १०००पासून. मग एकाच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर दिसायच्याच.

चौथ्या आवृत्तीने आकड्याऐवजी डोमेनसकट नाव (‘नाव@डोमेन’ असं) पाठवायला सुरुवात केली. डोमेन जुळलं नाही की सगळ्या फाइली ‘नोबडी’च्या. पण क्लायंटच्या शब्दावर विसंबणाऱ्या साध्या ‘सिस’ सुरक्षेत परवानगी तपासताना आकडाच बघितला जातो. नावाचं भाषांतर होतं ते मालक दाखवायला आणि बदलायला. हे भाषांतर करणाऱ्या आयडीमॅपडी या प्रोग्रॅमची फाइल दुरुस्त करूनही ‘परमिशन डिनाइड’ का येतं, याचं उत्तर बहुतेकदा हेच असे. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, २०१२मधल्या ३.३ आवृत्तीपासून तर ‘सिस’ असेल तिथे लिनक्सचा क्लायंट नावाच्या जागीही मुळातच आकडा पाठवू लागला.