ऑटिझम असलेल्या मुलांसाठी वर्ग सुरू करायचाय? गोव्यातल्या शिक्षकांसाठी पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रं

गोव्यात ऑटिझम असलेल्या मुलांसाठी शास्त्रशुद्ध शिक्षणवर्ग काढायचा तर दोन नोंदण्या लागतात, एक तुमची आणि एक केंद्राची. पुष्कळ जण आधी म्हापशात किंवा फोंड्यात जागा भाड्याने घेतात, फलक लावतात आणि मग कागदांमागे धावतात. सुरुवात स्वतःच्या नोंदणीपासून करा.

तुमची नोंदणी

विशेष शिक्षक म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय नोंदवहीत नाव असावं लागतं. परिषदेच्या 1992च्या कायद्यातलं कलम 13 कडक आहे: नोंदणीशिवाय काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

ही नोंदणी परिषदेचा मान्य अभ्यासक्रम पास झाल्यावरच मिळते. बारावीला 50 टक्के असतील तर विशेष शिक्षणातली दोन वर्षांची डी.एड. पदविका, पदवीला 50 टक्के असतील तर दोन वर्षांचं विशेष बी.एड. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. डी.एड.ला बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगत्व हा गट घ्या, ऑटिझम त्यात येतो. साधं बी.एड. इथे पुरत नाही.

फी भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर संस्था, अभ्यासक्रम आणि मान्यतेची मुदत ही तिन्ही ताडून पाहा. दोन दिवसांच्या कार्यशाळेतून शिकायला मिळतं, पण त्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही. वर्तन विश्लेषणाच्या (एबीए, म्हणजे वागणुकीचा अभ्यास करून शिकवण्याची पद्धत) परदेशी प्रमाणपत्राबाबत तर फार सावध राहा. अमेरिकेतल्या बीएसीबी मंडळाने 2023 पासून भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेणं बंद केलंय. तरीही ‘आमचा कोर्स करा, बीसीबीए (म्हणजे त्या मंडळाचे प्रमाणित वर्तन विश्लेषक) व्हा’ असं कोणी सांगत असेल तर पैसे देऊ नका.

आरसीआयच्या नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरायचा. दहावी, बारावी किंवा पदवीच्या गुणपत्रिका, विशेष अभ्यासक्रमाची गुणपत्रिका व प्रमाणपत्र, आधार, फोटो आणि सही स्कॅन करून ठेवा. आपल्याकडे अडतं ते नावाच्या स्पेलिंगपाशी. जुन्या जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाचं, आधारवर इंग्रजी वळणाचं, गुणपत्रिकेवर तिसरंच. दोन्ही-तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून आधीच करून घ्या.

सरकारी शाळेतली नोकरीही हवी असेल तर मामलेदाराचा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला काढून ठेवा. कोंकणीचं ज्ञान सक्तीचं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021च्या निकालामुळे प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरलंय. ते भरून काढायला माणसं हवीत.

वर्गात काय शिकवता यायला हवं

अभ्यासक्रम निवडताना मी आधी एकच विचारीन: प्रत्यक्ष मुलांबरोबरचा सराव किती, आणि तो बघून चुका दाखवायला कोण असतं? 2020 साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या आढाव्यात पुराव्याने टिकलेल्या 28 पद्धती निघाल्या. कामाचे छोटे टप्पे पाडणं, चित्रांचा आधार, योग्य वेळी मदत देऊन ती हळूहळू काढून घेणं, या त्यातल्याच. हात धुणं घ्या. नळ उघडणं, हात ओले करणं, साबण, चोळणं, धुणं, नळ बंद, पुसणं. मूल कोणता टप्पा स्वतः करतं आणि कुठे हात धरावा लागतो, हे रोज लिहायचं. तीन आठवडे आकडे हलले नाहीत तर शिकवण्याची रीत बदलायची. ही नोंद ठेवायला जे शिकवत नाहीत, त्यांच्याकडे जाऊ नका. मूल घरी कोंकणी बोलत असेल तर चित्रकार्डंही कोंकणीतच करा.

केंद्राची नोंदणी

दिव्यांग हक्क कायदा 2016च्या कलम 50नुसार दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणीशिवाय चालवता येत नाही. राज्याने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. निर्णयाला 90 दिवसांची मुदत आहे. ट्रस्ट किंवा सोसायटीची कागदपत्रं, जागेचा भाडेकरार, कर्मचाऱ्यांचे आरसीआय क्रमांक, रॅम्प आणि स्वच्छतागृहाचा आराखडा सोबत ठेवा. नाव ‘शाळा’ ठेवणार असाल तर पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

मुलांना प्रवेश देताना दिव्यांगत्वाचा दाखला नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका. तो दाखला सवलतींसाठी लागतो, शिकण्यासाठी नाही. पालकांना जिल्हा इस्पितळाकडे पाठवा, तिथे आयएसएए ही ऑटिझम तपासणारी 40 प्रश्नांची चाचणी होते. तोवर वर्ग चालू ठेवा.