हेड गॅस्केट गेलं, हे ठरवायचं कसं?

इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, वरचा भाग म्हणजे हेड, आणि दोघांच्या मध्ये दाबून बसवलेलं, जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचं हेड गॅस्केट. त्याच्या एका बाजूला सिलिंडर असतो. इंधन पेटलं की तिथल्या वायूचं तापमान क्षणभर 2000 अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि दाब पेट्रोल इंजिनातही 50 बार ओलांडू शकतो. तिथून काही मिलिमीटरवर साधारण 90 अंशांचं कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) वाहत असतं आणि शेजारच्या भोकातून ऑइल वर चढत असतं. वायू, कुलंट आणि ऑइल यांची एकमेकांशी गाठ पडू द्यायची नाही, हे या पातळ गॅस्केटचं काम.

त्यातून हे दोन भाग स्थिर राहत नाहीत. बऱ्याच इंजिनांत ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. अर्धा मीटर लांबीचं हेड 80 अंशांनी तापलं, तर ते सुमारे 0.9 मिलिमीटर वाढू पाहतं आणि ब्लॉक साधारण 0.45 मिलिमीटर. गाडी दर वेळी तापते आणि थंड होते, तेव्हा गॅस्केट या फरकात घासलं जातं. आजची गॅस्केट पोलादी पत्र्याच्या अनेक थरांची असतात, ती याचसाठी. थरांवरच्या उठावदार कडा स्प्रिंगसारख्या दबतात आणि परत उठतात.

मग एवढं विचार करून बनवलेलं गॅस्केट जातं कशाने? बहुतेक वेळा इंजिन जास्त तापल्याने. थर्मोस्टॅट (कुलंटचा प्रवाह तापमानानुसार सोडणारी झडप) अडकतो, रेडिएटरचा पंखा बंद पडतो, वॉटर पंप निकामी होतो किंवा एखादा पाइप हळूहळू गळत राहतो. बोल्टांनी जखडलेल्या हेडला फुगायला जागा नसते, ते वाकतं आणि थंड झाल्यावरही पूर्ण सरळ होत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात गॅस्केट हा आरोपी कमी आणि बळी जास्त असतो. मूळ कारण न शोधता नुसतं गॅस्केट बदललं, तर नवंही त्याच वाटेने जातं.

लक्षणं फसवी असतात. सायलेन्सरमधून पांढरा धूर दिसला की घाबरगुंडी उडते. पण एक लिटर पेट्रोल जळताना साधारण लिटरभर पाणीच तयार होतं, आणि थंड सकाळी त्याची वाफ दिसणं अगदी स्वाभाविक आहे. इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर मात्र कुलंट जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला, तरी लगेच निष्कर्ष काढू नये. रोज जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत आतला दमटपणा उडून जात नाही आणि तोच तिथे साचतो. डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवरचं) ऑइलही दुधाळ असेल, तर गोष्ट गंभीर आहे. मग इंजिन सुरूच करू नये, कारण असं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं.

बाहेर कुठेही गळती नसताना कुलंट कमी होत असेल, थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा टणक होत असेल, कुलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर संशय बळावतो. हे पाहण्यासाठी इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा कुलंटच्या टाकीचं झाकण कधीही उघडू नका. बंद यंत्रणेत कुलंट दाबाखाली 100 अंशांच्या वरही द्रवच राहतं. झाकण फिरवताच ते उकळून अंगावर उसळतं.

हेड उतरवण्याआधी खात्री करून घ्यायच्या चाचण्या आहेत, आणि त्यातली मला सर्वांत आवडणारी चाचणी निव्वळ रसायनशास्त्राची आहे. टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवून टाकीतली हवा त्यातून ओढतात. त्या हवेत सिलिंडरमधून निसटलेला कार्बन डायऑक्साइड असेल, तर द्रव आम्लधर्मी होऊन पिवळा पडतो. कुलंटची पातळी आधी थोडी कमी करावी लागते, नाहीतर कुलंटच नळीत शिरून चाचणी बिघडवतं. याच्या जोडीला कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, पाहतात. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील, तर त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी गेली असण्याची शक्यता मोठी. चिरलेलं हेडही हीच सगळी लक्षणं देतं, आणि ते हेड उतरवून तपासल्यावरच कळतं.

हेड उतरवलं की सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावून ते लांबीत, रुंदीत आणि तिरकं तपासायचं. वाक साधारण 0.05 मिलिमीटरच्या वर असेल, तर अनेक इंजिनांत फेसिंग करावं, म्हणजे यंत्रावर पृष्ठभाग सपाट करून घ्यावा लागतो. नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असते. ब्लॉकचा पृष्ठभाग घासताना खरखरीत चकती वापरण्याचा मोह टाळावा. तिने खड्डे पडतात, आणि तिची भुकटी ऑइलमधून बेअरिंगपर्यंत पोचते.

खरं कौशल्य बोल्ट आवळण्यात आहे. टॉर्क रेंचने (पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजून आवळणाऱ्या पान्याने) लावलेल्या जोरातला सुमारे 90 टक्के भाग आट्यांतल्या आणि बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणातच जातो. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. आटे थोडे गंजलेले असले, तरी रेंचवर आकडा तोच दिसतो आणि पकड मात्र कमी पडते. म्हणून अनेक इंजिनांत आधी थोडा टॉर्क देऊन पुढे बोल्ट ठरलेल्या अंशांत, समजा 90 आणि पुन्हा 90, फिरवतात. असे बोल्ट बहुधा कायमचे लांबतील इतके ताणले जातात, त्यामुळे ते पुन्हा वापरत नाहीत. आवळायची सुरुवात मधल्या बोल्टांपासून, टप्प्याटप्प्याने बाहेरच्या दिशेने. भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं, तर ते दबत नाही आणि ब्लॉकलाच चीर पाडू शकतं.

जोडणी झाल्यावर टायमिंगच्या (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ दाखवणाऱ्या) खुणा जुळवायच्या, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून त्या पुन्हा पाहायच्या, ऑइल आणि फिल्टर बदलायचे. कुलंट भरताना आत अडकलेली हवा काढावी लागते, नाहीतर हवेच्या खिशाशी हेड तापून सगळी मेहनत वाया जाते. इंजिन तापून पंखा सुरू होईपर्यंत लक्ष ठेवायचं, पूर्ण थंड झाल्यावर पातळी बघायची, आणि काही दिवस गाडी चालवून त्याच निळ्या द्रवाची चाचणी पुन्हा एकदा घ्यायची.