मैल की किलोमीटर: गाडी युरोपात नेण्यापूर्वी

ब्रिटनमधून फेरीने किंवा चॅनल टनेलमार्गे स्वतःची गाडी फ्रान्सला नेणारे आमचे मराठी ग्राहक सुट्ट्यांच्या तोंडावर गाडीचा डिस्प्ले मैलांवरून किलोमीटरवर कसा आणावा, हे हमखास विचारतात. त्यांच्यासाठी हे पत्रक.

फ्रान्सचे कॅले बंदर सोडले की पाट्यांवरचे सर्व आकडे किलोमीटरमध्ये असतात. गावाबाहेरच्या रस्त्यावर ८० ची पाटी पाहून मैल दाखवणाऱ्या डिस्प्लेवरही ८० आणले, तर गाडी प्रत्यक्षात ताशी १२९ किलोमीटरने धावत असते. तेथील मोटरवेची कमाल मर्यादा १३० आहे आणि पावसात तीही ११० वर येते, हे लक्षात घेतले म्हणजे चूक केवढी मोठी आहे ते कळेल.

१ एप्रिल १९८४ पासून ब्रिटनमध्ये प्रथम वापरात आलेल्या गाड्यांच्या स्पीडोमीटरवर वेग दोन्ही एककांत दिसण्याची सोय असणे कायद्याने आवश्यक आहे. काट्याच्या स्पीडोमीटरवर ही सोय बहुधा मैलांच्या ठळक आकड्यांच्या आत छापलेल्या किलोमीटरच्या बारीक आकड्यांची असते. तेथे बदलण्यासारखे काही नसते. मात्र चाळिशीचा चष्मा लागलेल्यांना रात्री ते आकडे वाचणे जिकिरीचे जाते, म्हणून डिजिटल वेग किलोमीटरमध्ये लावून घ्यावा, असा आमचा सल्ला आहे.

पडदा असलेल्या बहुतेक गाड्यांत हा पर्याय सेटिंग्जमधील ‘युनिट्स’ या भागात सापडतो. टेस्लामध्ये तो ‘डिस्प्ले’खाली आहे. काही जुन्या गाड्यांत ट्रिप मीटरचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. प्रत्येक मॉडेलची रीत निराळी असल्याने गाडीचे हँडबुक पाहावे आणि हा बदल गाडी उभी असतानाच करावा.

एकक बदलल्यावर बऱ्याच गाड्यांत एकूण रीडिंगही बदललेले दिसते. ६२,००० मैल चाललेली गाडी अचानक ९९,८०० च्या आसपासचा आकडा दाखवू लागली, तर घाबरू नये, कारण मूळ नोंद तशीच राहते आणि पुढच्या सर्व्हिसचे अंतरही त्याच हिशेबाने वाढलेले दिसते. ॲव्हरेज ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असे दिसू लागले, तर तेथे आकडा जितका लहान तितके चांगले. ४० मैल प्रति गॅलन म्हणजे सुमारे ७ लिटर. टायरमधील हवेचे एककही त्याच मेनूतून बदलता येत असेल तर बदलून घ्यावे, कारण फ्रान्समधील पंपांवर हवा बारमध्ये मोजतात आणि आपले ३२ पीएसआय तेथे २.२ बार होतात. मोबाइलवरील नकाशाचे सेटिंग मात्र वेगळे असते. ते स्वतंत्रपणे तपासावे.

आयर्लंडला जाणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. आयर्लंड प्रजासत्ताकात २० जानेवारी २००५ पासून वेगमर्यादा किलोमीटरमध्ये आहेत, उत्तर आयर्लंडमध्ये त्या आजही मैलांतच आहेत, आणि सीमेवर थांबावे लागत नसल्याने एकक बदलले हे पाटी पाहूनच कळते. त्यामुळे सीमेअलीकडेच गाडी सुरक्षित जागी थांबवून बदल करावा.

परतल्यावर डिस्प्ले आठवणीने मैलांवर आणावा. तो किलोमीटरवर राहिला आणि मोटरवेवर ७० पाहून आपण निश्चिंत झालात, तर गाडी जेमतेम ४३ मैलांच्या वेगाने चाललेली असते आणि मागून येणाऱ्या ट्रकला ते झेपत नाही. एमओटी चाचणीत, म्हणजे ब्रिटनमधील गाडीच्या वार्षिक तपासणीत, रीडिंगसोबत एककही नोंदले जाते. किलोमीटरचा आकडा मैल म्हणून नोंदला गेला, तर पुढच्या वर्षी रीडिंग मागे फिरवल्यासारखे दिसते आणि गाडी विकताना घेणारा नेमकी तीच शंका काढतो. म्हणून चाचणीचा कागद हातात पडताच रीडिंग आणि एकक दोन्ही पाहावे आणि तफावत आढळल्यास चाचणी केंद्राकडून ती लगेच दुरुस्त करून घ्यावी.