पार्श्वभूमी : दारातला अंक आणि मोबाइलवरचा ई-पेपर

रोजचा अंक दारात पडण्याची सवय पुण्याला मागाहून लागली. १८४९ मध्ये ‘ज्ञानप्रकाश’ आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला तेव्हा दोन्ही साप्ताहिकंच होती. १९३२ मध्ये ‘सकाळ’ सुरू झाल्यानंतर शहराच्या बातमीला दैनिकात मानाची जागा मिळाली. पहाटे चौकातल्या पदपथावर गठ्ठे उतरवायचे, पुरवण्या भरायच्या आणि उजाडायच्या आत लाइन, म्हणजे ठरलेल्या घरांचे अंक, टाकून यायची, ही साखळी पुढची कित्येक दशकं टिकली.

संगणक आला तो आधी छपाईसाठी. मराठी अक्षरजुळणीचे फॉन्ट पुण्यातच तयार होत होते, पण प्रत्येकाची सांकेतिक रचना वेगळी. त्यामुळे सुरुवातीच्या संकेतस्थळांवर बातमी वाचायची तर आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, आणि शोध घेतला तर जुना मजकूर सापडत नसे. युनिकोड, म्हणजे सगळ्यांसाठी एकच सांकेतिक रचना, रुळल्यावर ही अडचण संपली. तोवर छोट्या जाहिराती, वधू-वरांपासून भाड्याच्या खोलीपर्यंत, इंटरनेटवर जाऊ लागल्या होत्या. अंकाची किंमत छपाईच्या खर्चाहून कमी असते आणि उरलेला भार जाहिराती उचलतात, म्हणून हा घाव खोल गेला.

खरा वाद मात्र एप्रिल २०२० चा, करोनाच्या लॉकडाउनमधला. राज्य सरकारच्या १८ एप्रिलच्या आदेशाने राज्यात वृत्तपत्रं छापायला मुभा दिली, पण घरोघरी टाकायला बंदी केली. टीका झाल्यावर काही दिवसांतच बंदी सैल झाली, तीही मुंबई महानगर आणि पुणे महापालिकेची हद्द सोडून. म्हणजे अंक छापता येत होता, दुकानात मिळत होता, फक्त दारापर्यंत येत नव्हता. कागदावरून आणि घरोघर फिरणाऱ्या माणसाकडून संसर्ग पसरेल, ही भीती त्यामागे होती. त्याच दारात दूध मात्र रोज येत होतं, आणि या दोन्हींतला फरक वाचकांना पटेल असा कधी समजावला गेला नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर, घेणाऱ्याला कल्पना देऊन, घरपोच अंक टाकायला परवानगी मिळाली; पण अनेक सोसायट्यांची फाटकं त्यानंतरही विक्रेत्यांना बंदच होती.

त्या आठवड्यांत ई-पेपरची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून फुकट फिरली. वाचकाशी नातं तुटू नये म्हणून सुरुवातीला त्याकडे कानाडोळा झाला. पण मोबाइलवरचा पेपर फुकटच असतो, ही समजूत त्यातून पक्की झाली आणि नंतर वर्गणी मागणं कठीण होऊन बसलं.

ई-पेपर या शब्दाचीही गुंतागुंत आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी छापील अंकाची हुबेहूब प्रत ऑनलाइन प्रकाशनाच्या व्याख्येतून वगळली, पण त्याच दैनिकाचं संकेतस्थळ आत घेतलं. त्यांतल्या आचारसंहितेच्या दोन उपनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती दिली.

लॉकडाउनमध्ये ज्यांनी पेपर बंद केला, त्या सगळ्यांनी तो पुन्हा लावला नाही. विक्रेत्याला कमिशन मिळतं ते छापील प्रतीमागे. वाचक ई-पेपरकडे वळला की विक्रेत्याच्या लाइनीतलं एक घर कमी होतं.