पूर ओसरल्यानंतर: बेळगाव सीमाभागातील पुनर्वसनाची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातील पूर समजून घ्यायचा असेल, तर पाऊस कोठे पडतो हे आधी पाहावे लागते. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी आणि घटप्रभा या नद्यांचे उगम सह्याद्रीत, महाराष्ट्राच्या हद्दीत आहेत. खानापूर तालुक्यातील कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा तेवढी जिल्ह्यातली. त्यामुळे चिकोडी, निपाणी, कागवाड, अथणी आणि रायबाग तालुक्यांत ऊन पडलेले असतानाही महाबळेश्वर-कोयनेच्या पावसाने कृष्णाकाठची घरे पाण्यात जातात. कल्लोळ-यडूर परिसरात दूधगंगा कृष्णेला मिळते आणि तेथून पुढे प्रदेश सपाट असल्याने चढलेले पाणी लवकर उतरत नाही. काळ्याभोर मळीच्या जमिनीसाठी पूर्वजांनी नदीकाठी गावे वसवली आणि ऊस-तंबाखूची शेती त्याच जमिनीवर उभी राहिली, म्हणून गाव हलवा असे सांगणे येथे कधीच सोपे नव्हते.

२००५च्या जुलै-ऑगस्टमधील महापुराने कृष्णाकाठची अनेक गावे पाण्याने वेढली आणि नदीकाठचे गावठाण उंचावर नेण्याचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. त्याच वर्षी देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. तोपर्यंत मदत म्हणजे प्रामुख्याने शाळेत उघडलेले गंजी केंद्र (पूरग्रस्तांच्या जेवणाची व तात्पुरत्या निवाऱ्याची सोय), धान्य आणि पंचनाम्यानंतर मिळणारी थोडी रक्कम. विस्कटलेला संसार पुन्हा उभा करण्यास ती पुरणारी नव्हती.

२००९चा पूर वेगळ्या स्वरूपाचा होता. सप्टेंबर संपता संपता उत्तर कर्नाटकाच्या एरवी कोरड्या पट्ट्यातच मुसळधार पाऊस कोसळला आणि त्यात मातीच्या भिंती व धाब्याची छपरे असलेली घरे मोठ्या संख्येने ढासळली. राज्यात २००हून अधिक माणसे दगावली. तेव्हाच्या राज्य सरकारने ‘आसरे’ या योजनेखाली उद्योगसमूह, संस्था आणि देणगीदार यांच्या साहाय्याने नव्या जागेवर वसाहती बांधण्याचे ठरवले. हा निर्णय धाडसाचा होता आणि त्यामुळे अनेक कुटुंबांना खरोखरच पक्के छप्पर मिळाले, हे नाकारता येत नाही. मात्र बऱ्याच ठिकाणी नवी घरे रिकामी राहिली. शेत दूर पडले, जनावरे बांधायला व वैरण रचायला जागा उरली नाही, काही वसाहतींत पाणी, वीज आणि रस्ते घरांच्या मागून आले. शेतकऱ्याच्या घरात गोठा, परडे आणि धान्याची कोठी हे सारे येते. चार भिंतींचा एकसारखा आराखडा काढताना ते लक्षात घेतले गेले नाही, आणि माझ्या मते या योजनेचा सर्वांत मोठा दोष तोच होता.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा या तिन्ही खोऱ्यांना एकाच वेळी पूर आला. गोकाक शहराचा सखल भाग बुडाला, निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेच्या पाण्याने पुणे-बेंगळूर महामार्ग रोखला आणि कृष्णेवर पुढे असलेल्या अलमट्टी धरणातून पाच लाख क्युसेकहून अधिक विसर्ग करावा लागला. राज्यातील २२ जिल्हे पूरग्रस्त ठरले. या वेळी सरकारने तातडीचे १०,००० रुपये आणि पूर्ण पडलेल्या घरासाठी ५ लाख रुपये जाहीर केले. केंद्राच्या निकषानुसार सपाट प्रदेशातील अशा घराला ९५,१०० रुपयेच मिळत होते, हे पाहता ही वाढ मोठी होती. पैसे बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळणार असल्याने ज्याच्याजवळ पाया घालण्यापुरतीही रक्कम नव्हती, त्याचे काम तेथेच अडले.

त्याहून कठीण प्रश्न कागदांचा होता. घराचा उतारा आजोबांच्या नावावर आणि चुली तीन, अशी कुटुंबे सीमाभागात गावोगाव आहेत. भाड्याने राहणारे आणि गायरानातील झोपडीत राहणारे शेतमजूर तर घरमालकांच्या यादीत येणेच कठीण. त्यातच पंचनामा आणि अर्ज कन्नडमध्ये असल्याने मराठी भाषक वृद्धांना नुकसानीचे वर्गीकरण कोणत्या श्रेणीत झाले, हे दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. हरकत घेण्याची मुदत त्यातच निघून जाऊ शकते. भाषेचा वाद बाजूला ठेवूनही पूरग्रस्ताला त्याच्या घराचा पंचनामा समजेल अशा भाषेत देता आला पाहिजे.

पिकांचेही असेच. बागायती पिकासाठी हेक्टरी १३,५०० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंत, असा तेव्हाचा निकष होता. राज्याने २०१९ साली त्यावर हेक्टरी १०,००० रुपये वाढवून दिले. शेंडा पाण्याखाली राहिलेला ऊस कुजतो. पीकेपीएसचे (गावच्या प्राथमिक कृषी पतसंस्थेचे) कर्ज मात्र त्या उसावरच काढलेले असते, त्यामुळे पुढच्या लागणीचे बियाणे आणि खत उधारीवर येते आणि एका पुराचा बोजा दोन-तीन हंगाम उतरत नाही.

२०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा घर बांधण्याचे २०१९चे काम अनेकांचे पुरे झालेले नव्हते. सुधारणा झाली ती पाण्याच्या माहितीत. पुराच्या कारणांचा अभ्यास करणाऱ्या महाराष्ट्राच्या वडनेरे समितीने २०१९च्या पुराला मुख्यतः अतिवृष्टी कारणीभूत ठरवली होती, आणि जून २०२१मध्ये दोन्ही राज्यांच्या नेत्यांनी बेंगळूरमध्ये बसून कोयना ते अलमट्टी विसर्गाची माहिती वेळेवर एकमेकांना देण्याचे ठरवले. सीमेअलीकडे महाराष्ट्रात कृष्णेवर असलेल्या राजापूर बंधाऱ्यावरील पाण्याचा आकडा आधी कळला, तर कागवाड आणि चिकोडी तालुक्यांतील लोकांना जनावरे आणि धान्य हलवण्यास वेळ मिळतो. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा वाद मात्र दोन्ही राज्यांत अजून तापलेला आहे, आणि त्या वादाच्या गदारोळात नदीकाठच्या गावठाणांच्या स्थलांतराची चर्चा मागे पडते. जमीन शोधणे, ती गावठाण म्हणून मंजूर करून घेणे, गोठ्यासह भूखंड आखणे आणि जुन्या जागेवरचा हक्क न गमावता लोकांना तेथे जाता येणे, ही कामे पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांत करायची असतात.