मँटिला आणि लेसकाठी व्हेल: गाऊनला कोणती शोभते?

चर्चमधल्या विवाहासाठी गाऊन महिनोन्‌महिने आधी ठरतो, व्हेल, म्हणजे नवरीच्या डोक्यावरून सोडायची जाळीची ओढणी, मात्र बहुतेक वेळा शेवटी आणि घाईत घेतली जाते. त्या घाईत एक गल्लत हमखास होते. ज्या व्हेलीला लेसचा काठ आहे ती प्रत्येक व्हेल 'मँटिला' या नावाने विकली जाते, आणि वसईतली किंवा गोव्यातली नवरी छायाचित्रात पाहिलेली मँटिला समजून वेगळीच वस्तू घरी आणते. दोन्हींना ट्यूलची पातळ जाळी असते, दोन्हींना लेस असते, आणि घडी घालून पिशवीत ठेवल्यावर त्या सारख्याच दिसतात. डोक्यावर चढल्यावर मात्र एक चेहऱ्याला चौकट घालते आणि दुसरी पाठीमागून पसरते, त्यामुळे एकाच गाऊनवर त्या दोघींचा परिणाम अगदी वेगळा होतो.

फरक लेसमध्ये नसून चुण्यांमध्ये आहे. मँटिला हा एकाच थराचा सपाट तुकडा असतो, त्याला वरच्या बाजूला चुण्या नसतात आणि लेस त्याच्या चारही बाजूंनी, म्हणजे कपाळाच्या वरूनसुद्धा, सलग फिरते. डोक्यावरून घेतलेला साडीचा पदर जसा केसांवर सपाट बसून दोन्ही गालांशेजारून खाली उतरतो, तशीच ती बसते. लेसकाठी व्हेलीची ट्यूल वरच्या कडेला चुण्या घालून लहान कंगव्यावर शिवलेली असते. हा कंगवा माथ्यावर किंवा अंबाड्याच्या वर-खाली खोचला जातो, तिथून जाळी फुलून मागे पडते, आणि लेस बहुधा कोपरापासून किंवा त्याहून खालून सुरू होते, कारण चुण्यांमध्ये लेस घेतली तर तिथे जाड गठ्ठा तयार होतो. दुकानात ओळख पटवायची असेल तर व्हेल टेबलावर पसरून लेस कपाळावर येणाऱ्या कडेपर्यंत जाते का, एवढेच पाहावे. तिथपर्यंत जात असेल तर ती मँटिला, आणि कंगव्याजवळ नुसती चुणीदार जाळी असून लेस खूप खाली दिसत असेल तर लेबलावर काहीही लिहिलेले असो, ती मँटिला नव्हे.

मँटिला मूळची स्पेनची. तिथे ती पेइनेता नावाच्या उंच कंगव्यावरून सोडली जाते. पूर्वी हे कंगवे कासवाच्या कवचाचे असत, आता ते प्लॅस्टिकचे बनतात. 1833 ते 1868 या काळात गादीवर असलेल्या राणी इसाबेल दुसरीला मँटिलाची विशेष आवड होती आणि तिच्यामुळे दरबारात हा पेहराव रुळला. पुढे 1871 मध्ये परदेशातून आलेल्या राजा अमादेओच्या निषेधार्थ माद्रिदच्या उमराव स्त्रिया मुद्दाम मँटिला आणि पेइनेता घालून रस्त्यावर उतरल्या होत्या, म्हणजे या वस्त्राला राजकीय इतिहासही आहे. आजही ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात स्पेनमध्ये काळी मँटिला दिसते, पांढरी मात्र आनंदाच्या प्रसंगांची. लग्नाच्या दुकानांत जी मँटिला मिळते ती सहसा पेइनेताशिवाय वापरायची असते, आणि माझ्या मते साध्या गाऊनवर तसेच बरे दिसते, कारण उंच कंगवा आला की सगळा पेहराव एका विशिष्ट प्रदेशाचा वेष वाटू लागतो.

मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या कॅथलिक उपासनेच्या, वेळी डोक्यावर घ्यायची छोटी मँटिला ही या दोन्हींहून वेगळी वस्तू आहे. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या धर्मविधिसंहितेत स्त्रियांनी चर्चमध्ये डोके झाकावे असा नियम होता, 1983 च्या संहितेत तो राहिला नाही. आजीच्या पेटीत सापडलेली अशी मँटिला जेमतेम खांद्यापर्यंत येते. ती आठवण म्हणून मोलाची असली तरी लांब ट्रेनच्या, म्हणजे मागे जमिनीवर लोळणाऱ्या घोळाच्या, गाऊनवर ती तोकडी पडते.

आता गाऊनकडे वळू, कारण निवड त्यावरूनच व्हायला हवी. मँटिलाची लेस चेहऱ्याशेजारून गळ्यावर आणि खांद्यावर येते. त्यामुळे गाऊनचा गळा, खांदे आणि छातीचा भाग जितका साधा, तितकी मँटिला खुलते. सॅटिन, क्रेप किंवा मिकाडोसारख्या जड, सपाट कापडाचा, भरतकाम नसलेला गाऊन हा तिचा खरा जोडीदार. बिनबाह्यांच्या किंवा खांदे उघडे असलेल्या गाऊनवर ती आणखी एक काम करते: चर्चमधल्या विधीपुरते खांदे झाकले जातात आणि त्यासाठी वेगळे जॅकेट शिवावे लागत नाही. उलट गळ्याभोवती मणी, खडे किंवा दाट लेस असेल तर मँटिला त्यावर दुसरी नक्षी आणून ठेवते, आणि छायाचित्रात कुठली लेस गाऊनची आणि कुठली व्हेलीची हे कळेनासे होते.

याचे चांगले उदाहरण खुद्द माद्रिदमध्येच सापडते. 2004 मध्ये लेतिसिया ऑर्तिस यांचा राजपुत्र फेलिपे यांच्याशी विवाह झाला, तेव्हा मानुएल पेर्तेगास यांनी केलेल्या त्यांच्या गाऊनला उभी, भरतकाम केलेली कॉलर होती आणि मागे सुमारे साडेचार मीटरची ट्रेन होती. मँटिलाच्या देशात, राजघराण्याच्या लग्नात, त्यांनी मँटिला न घेता मुकुटामागून सोडलेली रेशमी ट्यूलची भरतकामाची व्हेल घेतली. त्या कॉलरवर मँटिलाची लेस आली असती तर दोन्ही वाया गेल्या असत्या.

लेसकाठी व्हेल मागे पसरते म्हणून ती गाऊनची पुढची बाजू मोकळी ठेवते. छातीवर भरीव काम असलेला, लेसच्या बाह्यांचा किंवा मोठ्या घेराचा गाऊन असेल तर तीच घ्यावी. 2011 मध्ये केट मिडलटन यांचा गाऊन लेसच्या बाह्यांचा होता आणि व्हेल मऊ रेशमी ट्यूलची, काठाला हाताने भरलेल्या फुलांची होती. गाऊनवरची नक्षी वर आणि व्हेलीवरची नक्षी कडेला, अशी ती वाटणी होती. 2018 मध्ये मेगन मार्कल यांनी उलट केले. त्यांचा क्लेअर वेट केलर यांनी बनवलेला गाऊन जवळजवळ कोरा होता आणि पाच मीटर लांबीच्या व्हेलीच्या काठावर राष्ट्रकुलातल्या 53 देशांची फुले भरलेली होती. दोन्ही ठिकाणी मुकुट होता, आणि मुकुट वापरायचा असेल तर लेसकाठी व्हेल सोयीची पडते, कारण तिचा कंगवा मुकुटामागे खोचता येतो. मँटिलाची लेस नेमकी मुकुटाच्या जागेवर येते. तिथे दोन्ही एकत्र बसवण्याचा हट्ट केला तर लेस खड्यांत अडकते आणि एक तरी वस्तू काढावी लागते.

पाठीचा विचार बहुतेक नवऱ्या करत नाहीत, वास्तविक चर्चमध्ये पाहुण्यांना सर्वांत जास्त वेळ नवरीची पाठच दिसते. गाऊनला मागे खोल गळा किंवा कापडी बटणांची लांब रांग असेल तर चुणीदार जाळीचे अनेक पदर एकावर एक येऊन ती झाकोळून टाकतात. मँटिलाचा एकच सपाट थर असतो, त्यातून बटणे दिसत राहतात, मात्र जाळीच्या मधल्या भागात नक्षी विखुरलेली नसावी. येथे तिसरा प्रकारही लक्षात ठेवावा. 'ड्रॉप' नावाने मिळणारी व्हेल चुण्यांशिवाय सपाट बसते, पण तिच्या वरच्या भागात लेस नसते. लेस हवी, पण चेहऱ्याजवळ नको, आणि पाठ मोकळी दिसायला हवी, अशी अडचण असेल तर ती उपयोगी पडते. शिवाय तिचा पुढचा भाग चेहऱ्यावर घेता येतो. वेदीपाशी वडिलांनी तोंडावरची जाळी उचलावी अशी इच्छा असेल तर मँटिला घेऊ नये, कारण तिला चेहऱ्यावरचा थर नसतो. लेसकाठी व्हेलीत तो वेगळा थर जोडून मागता येतो.

लेस जुळवणे हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे आणि घाई नडते ती इथेच. शांतिली लेस बारीक, सपाट आणि मऊ असते. आलाँसाँ लेसच्या फुलांना उठावदार दोरीची कड असते. गिप्यूर लेसला पाठीमागे जाळीच नसते, तिची फुले एकमेकांना धाग्यांनी जोडलेली असून ती वजनाला भारी असते. गाऊन आलाँसाँचा आणि व्हेल शांतिलीची असेल तर दोन्ही वेगळ्या आहेत हे लांबूनही दिसते. म्हणून गाऊनवर लेस असेल तर व्हेलीसाठी त्याच लेसचा तुकडा शिंप्याकडून किंवा गाऊनच्या दुकानातून मागवावा, आणि तो मिळत नसेल तर साधी, बिनलेसची व्हेल घ्यावी. 'जवळजवळ तशीच' लेस ही सर्वांत वाईट निवड असते. गिप्यूरची मँटिला करायचीच असेल तर जाळी जाड घ्यावी लागते, नाहीतर कडेचे वजन मऊ ट्यूलला खाली ओढते आणि दर थोड्या वेळाने पिना सरकवत बसावे लागते.

रंगाचे गणितही दोन्हींत सारखे नसते. नुसती ट्यूल इतकी पातळ असते की तिच्या छटेतला थोडा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण लेस दाट असते, तिथे तो लगेच उघडा पडतो. लेसकाठी व्हेलीचा काठ गाऊनच्या घेराजवळ, खाली असतो, म्हणून थोडी तफावत खपून जाते. मँटिलाची लेस गाऊनच्या गळ्याला टेकते, शिवाय चेहऱ्याच्या कातडीजवळ असते, तिथे शुभ्र पांढरी लेस हस्तिदंती गाऊनला पिवळट करून टाकते. रेशमी गाऊन नायलॉनइतका निळसर-शुभ्र कधीच होत नाही, हेही ध्यानात घ्यावे. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली या छटा मिसळून जातात, त्यामुळे गाऊनच्या कापडाची चिंधी सोबत न्यावी आणि ती व्हेलीच्या लेसवर ठेवून दाराबाहेरच्या उजेडात पाहावी.

लांबीबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. ट्रेन असेल तर व्हेल तिच्या टोकापुढे निदान वीतभर तरी जावी, किंवा सरळ बोटांच्या टोकांपर्यंतच ठेवावी. ट्रेनच्या मधोमध संपणारी लेस गाऊनला आडवी कापते. मँटिला लांब असली तरच तिचा काठ नीट वाचता येतो, फार आखूड घेतली तर ती मिस्सेच्या मँटिलासारखी दिसू लागते.

किंमत लेसच्या मापावर ठरते, म्हणून हिशेब आधीच करून पाहावा. 90 इंच लांब आणि 54 इंच रुंद मँटिलाच्या चारही बाजूंना लेस लावायची तर 288 इंच, म्हणजे सुमारे 7.3 मीटर लेस लागते. कोपरे गोल केले तर थोडी कमी. तेवढ्याच लांबीच्या चुणीदार व्हेलीची रुंदी साधारण 108 इंच धरली आणि वरचे 30 इंच लेसविना सोडले, तर दोन्ही बाजूंना 60-60 इंच आणि खाली 108 इंच मिळून 228 इंच, म्हणजे सुमारे 5.8 मीटर होतात. म्हणजे कमी कापडाच्या मँटिलालाच लेस जास्त लागते. लेस महाग असेल तर मँटिला महाग पडते, आणि कोणी फारच स्वस्तात ती देऊ करत असेल तर लेसची प्रत आधी हाताळून पाहावी.

गोव्यात किनाऱ्यालगत समारंभ असेल तर वाऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो. चुणीदार हलकी ट्यूल वाऱ्यात वर उडते आणि चेहऱ्यावर येते. मँटिलाची चारही बाजूंची लेस तिला थोडे वजन देते, पण तिचा थर केसांवर फक्त पिनांनी धरलेला असल्याने एक झुळूक आली की संपूर्ण मँटिला मागे सरकते. दोन्ही कानांच्या वर दोन-दोन पिना जाळीतून नव्हे तर लेसच्या जाड भागातून घालाव्यात आणि केस बांधताना त्या जागी घट्ट गुंफण करून घ्यावी. मोकळ्या, गुळगुळीत केसांवर मँटिला टिकत नाही, खाली बांधलेल्या अंबाड्यावर ती चांगली बसते. लेसकाठी व्हेलीचा कंगवा मात्र उंच अंबाड्यातही घट्ट राहतो, आणि नाचाच्या वेळी केस न विस्कटता काढून ठेवता येतो.

व्हेलीची घडी पडली असेल तर गरम इस्त्री लावू नये, नायलॉनची ट्यूल तिथल्या तिथे वितळते. टांगून वाफ द्यावी, आणि वाफही लेसच्या बाजूने न देता जाळीच्या बाजूने द्यावी. चर्चमध्ये मेणबत्ती पेटवण्याचा विधी असेल तर कोपरापुढे येणारी मोकळी जाळी त्या क्षणी करवलीने मागे धरावी. मँटिला घेतली असेल तर गालांजवळची कडही मेणबत्तीकडे वाकताना पुढे येते, म्हणून ती दोन्ही बाजूंना आधीच पिनांनी आवळून ठेवावी.